दोघांच्या कामाला चौघे

क्रेनवाल्याने हात वर केला तशी शकुबाईने तीन नंबरच्या मशीनचा पाइप गोळा करून उराशी धरला. मशीन जमिनीपासून सुटलं, जरासं डोललं आणि वर निघालं. खाली सिमेंटमध्ये एक काळा तेलकट चौकोन तेवढा राहिला.

"मावशी, सोडा आता," क्रेनवाला ओरडला.

तिने पाइप सोडला. गेली कित्येक वर्षं तिने या मशीनवरून ट्रकांत आणि जीपगाड्यांत डिझेल सोडलं होतं. आता ते ट्रकच्या हौद्यात आडवं पडलं होतं आणि शेजारी उभ्या असलेल्या निवृत्तीने उगाचच डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"मयताला आल्यावानी काय उभं राहता, भाऊ?" ती म्हणाली. "घाला ती टोपी."

जुन्या हायवेवर, कार्ला फाट्याच्या अलीकडे राजेंद्रशेठचा पंप होता. चार मशिनींपैकी दोन काढून तिथे विजेवरच्या गाड्यांसाठी दोन चार्जर बसणार होते. छपरावर सोलरची पॅनेलं आधीच बसली होती आणि मागच्या भिंतीलगत मोठ्या लोखंडी कपाटांसारख्या बॅटऱ्या येऊन पडल्या होत्या. राजेंद्रशेठ पेढ्यांचा पुडा घेऊन सगळ्यांमधून फिरत होता. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस. त्याने निवृत्तीला दोन पेढे दिले, मग आणखी एक दिला. शकुबाईच्या तेव्हाच लक्षात आलं, की याच्या पोटात काहीतरी आहे.

दुपारी त्याने चौघांना ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. निवृत्ती, शकुबाई, चंपा आणि सत्यम भिंतीला टेकून उभे राहिले, तेव्हा तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलायला लागला.

"चार्जिंग कंपनीचं म्हणणं आहे, तिकडे माणूस लागत नाही. लोक आपली आपण वायर लावतात, मोबाइलवरून पैसे भरतात आणि जातात. आता पेट्रोल-डिझेलच्या दोनच मशिनी राहिल्या. त्याला दोघं पुरे होतात."

चंपाने हातातला कप जपून टेबलावर ठेवला.

"लगेच नाही," राजेंद्रशेठ घाईने म्हणाला. "पण कोण दोघं थांबणार, ते तुम्हीच आपसात ठरवा. मी मधे पडत नाही. तुमचं तुम्ही ठरवलंत तर कुणाच्या मनात काही राहणार नाही."

तो हे मनापासून म्हणत होता. आपण समजूतदारपणा दाखवतोय असंच त्याला वाटत होतं.

चौघे बाहेर येऊन करंजाच्या झाडाखाली बसले. निवृत्ती राजेंद्रशेठच्या वडलांच्या वेळेपासून इथे गाड्यांत हवा भरत होता. सत्यमचं नुकतंच लग्न झालं होतं. चंपाच्या दोन मुली शाळेत होत्या आणि नवरा खंडाळ्याच्या एका हॉटेलात भटारखान्यात होता. हंगाम उतरला की त्याला घरी बसवत. आणि शकुबाई या पट्ट्यात पंपावर उभी राहिलेली पहिली बाई होती. पहिल्या वर्षी कित्येक जण तिच्या मशीनवरून गाडी काढून दुसऱ्या मशीनवर नेत. ती कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राही. पुढे तेच लोक तिच्याकडे रांग लावायला लागले.

प्रत्येकाला प्रत्येकाचं ठाऊक होतं. म्हणून कोणाचं नाव घेणं कोणाला जमेना.

"मी म्हातारा झालो आता," शेवटी निवृत्ती म्हणाला. "मीच जातो." आणि लगेच हवेच्या पाइपाकडे बघायला लागला.

"तुमी गप बसा, भाऊ," शकुबाई म्हणाली.

"मोठ्या कंपनीत असं काढता येत न्हाई," सत्यम म्हणाला. "तितं युनियन असती. आपण चौघंच. आपलं कोण ऐकतंय?"

"चौघं म्हंजे कमी का रे?"

शकुबाईने साडीवर घातलेला शर्ट झटकला, उठली आणि सरळ ऑफिसात गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे बाकीच्या तिघांना सगळं ऐकू आलं.

"शेट, आमी ठरवणार न्हाई."

"म्हणजे?"

"तुमाला काढायचं असंल तर नाव घिऊन काढा. एकेकाला समोर हुबं करा अन् तोंडावर सांगा. निवृत्तीभाऊंपासनं करा सुरू. त्यांनी तुमाला सायकल शिकवली म्हनत्यात."

राजेंद्रशेठने रुमाल काढून मान पुसली. "शकुबाई, माझं तरी काय चुकलं सांगा. विक्री उतरत चालली आहे. जग बदलतंय."

"बदलू द्या की. धूर कमी हुतोय, ते ब्येसच हाय. माझा भात दोन वर्सं कापनीच्या टायमाला पावसात गेला. मला कळत न्हाई व्हय, ऋतू कसं फिरल्यात ते? पर धूर चाललाय तर त्यानं जाताना आमाला बी संगट न्यावं, असं कुटं हाय?"

राजेंद्रशेठने रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला.

"पण काम दोघांचंच आहे हो."

"मग दोघांचं काम चौघं करू. आज दोघं, उद्या दोघं. पगार बी तसाच अर्धा अर्धा. पोटाला चिमटा बसंल, पर चौघांच्या बसंल."

राजेंद्रशेठने तिच्याकडे पाहिलं. कुणाचंही नाव घ्यावं लागणार नाही, एवढ्यानेच त्याचा जीव अर्धा हलका झाला होता. "दिवाळीपर्यंत बघू," तो म्हणाला. "दिवाळीनंतर मात्र काहीतरी एक ठरवावं लागेल."

चार्जर बसले, तेव्हा ते कसे चालवायचे हे दाखवायला पुण्याहून अमृता नावाची इंजिनिअर आली. ड्युटीवर दोघंच असतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशी चौघेही हजर होते. तिने चौघांनाही शिकवलं. वायर चांगलीच जाड होती. चंपा तिच्याकडे नागाकडे बघावं तशी बघत होती.

"मीसुद्धा पहिल्या दिवशी घाबरले होते," अमृता म्हणाली. "ग्राहकासमोर प्लग हातातून सुटला आणि मी किंचाळले. ग्राहकही किंचाळला."

चंपा हसली आणि तिने प्लग धरला. निवृत्तीने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. अमृताने त्याला जवळ बोलावून कधी वीज वाहते, कधी नाही, चुकून काढला तर काय होतं, सगळं नीट समजावून सांगितलं, तेव्हा कुठे त्याचा एक हात पुढे आला. जाताना तिने चौघांच्याही मोबाइलमध्ये आपला नंबर टाकून दिला. काही अडलं तर रविवारीसुद्धा फोन करा म्हणाली.

माणूस लागत नाही, हे कंपनीचं म्हणणं खोटं नव्हतं. लोक खरंच आपली आपण वायर लावत. पण नंतर त्यांना थांबावं लागे, आणि थांबलेल्या माणसाचं काय करायचं ते कंपनीने सांगितलं नव्हतं. कोणी संडास विचारे, कोणी लोहगडाचा रस्ता. कुणाच्या पोराला गाडी लागलेली असे. शकुबाईने गोदामातलं जुनं बाकडं ओढून करंजाखाली आणलं आणि सत्यमने ते निळं रंगवलं.

एवढ्या वर्षांत तिने हजारो गाड्या भरल्या होत्या, पण खिडकीबाहेर आलेल्या कोपराशिवाय तिला कोणाचं फारसं काही दिसलं नव्हतं. आता माणसं खाली उतरत, हातपाय ताणत, बाकड्यावर येऊन बसत. एक पारशी म्हातारा दर पंधरवड्याला येई आणि तिला आपल्या गुडघ्याचं सांगे. ती त्याला निर्गुडीचा पाला काढून देई.

तिकडे भाजे गावात, तिच्या घरी, आणखी एक गोष्ट झाली. ती कामावरून आली की आधी मागल्या दारी जाऊन आंघोळ करायची आणि मगच नातवाला घ्यायची. त्याला पेट्रोलचा वास सोसायचा नाही. एका संध्याकाळी ती दारात पाऊल ठेवते न ठेवते तोच पोर धावत येऊन पायाला बिलगलं. चार्जरवरची ड्युटी होती त्या दिवशी. सून चुलीपाशी हसायला लागली.

"आत्या, वासच न्हाई तुमच्या लुगड्याला."

शकुबाईने पदर नाकाशी नेला. खरंच नव्हता. त्या दिवशी ती पोराला घेऊन तशीच ओट्यावर बसली.

सगळंच असं गोड होतं अशातला भाग नव्हता. अर्ध्या पगारात घर चालवणं जड जात होतं. सुट्टीच्या दिवशी चंपा गुलाबाच्या पॉलिहाउसवर फुलं कापायला जाई आणि तिचे हात काट्यांनी ओरखडलेले असत. सत्यम शाळेची व्हॅन चालवायचा. चाकणला एका मित्राकडे काही जमतंय का, हे तो फोनवर हळू आवाजात विचारत असताना शकुबाईने ऐकलं होतं. दिवाळी जवळ येत होती.

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी विसापूरच्या अंगाने आभाळ काळं झालं.

शकुबाईचा इंद्रायणी भात कापून रानात पडला होता. ती, मुलगा निलेश आणि सून मिळून भराभर पेंढ्या गोळा करून गोठ्यात टाकत होते. पहिले थेंब पडले तेव्हा निम्मं रान उरलं होतं. पुढे जे झालं त्याला पाऊस म्हणावं की काय, ते कुणाला कळेना. दिवाळी उलटून गेली आणि आभाळ आषाढात फुटावं तसं फुटलं होतं. तेवढ्यात कमरेला खोचलेला मोबाइल वाजला.

"मावशी, लाइट गेली," पलीकडून चंपा जवळजवळ ओरडत होती. "कार्ल्याकडं तारंवर झाड पडलंय. सुट्टी संपवून निघाल्याली माणसं लय आल्यात. चार्जिंगच्या गाड्या फाट्यापतुर उभ्या. मी अन् भाऊच हाय हितं. भांडायला लागल्यात सगळी!"

शकुबाईने हातातली पेंढी निलेशकडे टाकली.

"आई, आज तुझी ड्युटी न्हाई," तो म्हणाला.

"म्हाईत हाय."

"आन् भात?"

सुनेने तिच्या हातातला विळा काढून घेतला. "तुमी जा, आत्या. आमी दोघं बघतो."

ती डोक्यावर खताची रिकामी पिशवी धरून सडकेला लागली, तर समोरून सत्यम मोटारसायकल घेऊन येत होता. त्याचीही ड्युटी नव्हती. "बसा, मावशी," एवढंच तो म्हणाला.

पंपावर गाड्यांची रांग लागली होती. टॅक्स्या, घरच्या गाड्या, एक देवदर्शनाहून परतणारी छोटी बस. पेट्रोलच्या दोन मशिनी जनरेटरवर चालू होत्या, पण चार्जिंगला त्याचा उपयोग नव्हता. चार्जिंगला आता मागच्या भिंतीलगतच्या बॅटऱ्यांमध्ये होतं तेवढंच. चंपाने तोवर अमृताला फोन लावला होता आणि मोबाइलचा स्पीकर मोठा केला होता.

"सगळ्यांना पूर्ण चार्ज द्यायला गेलात तर पाच-सहा गाड्यांत संपेल," अमृता सांगत होती. "पुढच्या चार्जरपर्यंत पोचायला लागेल तेवढंच द्या. मुंबईकडे जाणाऱ्यांना तर फारच थोडं. घाट उतरताना गाडी स्वतःच थोडी भरून घेते. खाली खोपोलीला लाइट आहे. पुण्याकडच्यांना तळेगावपर्यंत पुरेल एवढं. पण कोण कुठे चाललंय, कुणाकडे किती उरलंय, ते मला इथून दिसत नाही. ते तुम्हालाच बघावं लागेल."

"बगतो," शकुबाई म्हणाली.

सत्यम रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेला. प्रत्येक काचेवर टकटक करून, कुठे जायचं आणि किती उरलंय हे विचारत परत आला. निवृत्तीने गळ्यात शिट्टी अडकवून मुंबईच्या गाड्या एका अंगाला आणि पुण्याच्या दुसऱ्या अंगाला घेतल्या. जन्मात पहिल्यांदाच एवढी माणसं त्याच्या शिट्टीवर हलत होती. चंपा प्लग लावत होती, काढत होती. शकुबाई चार्जरच्या आकड्यावर नजर ठेवून "बास, म्होरं" म्हणत होती.

राजेंद्रशेठ लोणावळ्याहून आला तो चपला हातात घेऊन. त्याच्या गाडीला रस्त्यात पाणी लागलं होतं. त्याने निवृत्तीचा जुना रेनकोट अंगावर चढवला. तो त्याला पोटावर बसेना.

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"छत्री धरा," शकुबाई म्हणाली. "चंपाच्या डोस्क्यावर न्हवं, प्लगावर."

तो छत्री धरून उभा राहिला.

मधेच एक मोठी, उंच, काळी गाडी रांग सोडून पुढे आली. तिच्यातून उतरलेला गृहस्थ म्हणाला, की मला फुल चार्ज पाहिजे, दुप्पट पैसे देतो, मला थांबायला वेळ नाही.

"तळेगावपतुर मिळंल," शकुबाई म्हणाली. "तुमचा नंबर आला की."

"तुम्ही कोण? मालक कोण आहे इथे?"

राजेंद्रशेठने आयुष्यात कधी गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं. रेनकोटाच्या टोपीतून पाणी त्याच्या नाकावर गळत होतं. त्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"मावशींना विचारा," तो म्हणाला. "मी छत्रीवाला आहे."

रांगेतली दोन-तीन माणसं हसली. काळ्या गाडीचा गृहस्थ परत आत बसला आणि गाडी मागे घ्यायला लागला. निवृत्तीने त्याला शिट्टी वाजवून अगदी आदराने वाट करून दिली.

हळूहळू भांडणं थांबली. आपला नंबर येणार आहे, सगळ्यांचाच येणार आहे, हे माणसांना दिसत होतं. छपराखाली, बाकड्याभोवती फराळाचे डबे उघडले. बसमधल्या बायकांनी चकल्या काढल्या, तर एका टॅक्सीवाल्याने आपल्या बायकोच्या अनारशांपुढे त्या काहीच नाहीत असं जाहीर केलं. मग सगळ्यांनी दोन्ही खाऊन बघितलं आणि निकाल लागेना. काळ्या गाडीच्या गृहस्थानेही अनारसा घेतला. कोणीतरी चंपाच्या तोंडात करंजी भरवली, कारण तिचे हात मोकळे नव्हते.

दिवेलागणीच्या सुमाराला शेवटची गाडी, देवदर्शनाची बस, तळेगावच्या दिशेने गेली. बॅटरीत नावापुरतं उरलं होतं. चौघे आणि राजेंद्रशेठ ओल्या बाकड्यावर ओळीने बसले. राजेंद्रशेठ आपले पाय बघत होता; पांढरे, सुरकुतलेले, भिजून फुगलेले.

"भाताचं काय झालं?" त्याने एकदम विचारलं.

"आला म्हने बराचसा गोठ्यात," शकुबाई म्हणाली. निलेशचा फोन येऊन गेला होता. "थोडा गेला."

त्याने मान हलवली. मग तो उठला, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत ऑफिसात गेला. आत गेल्यावर त्याने हिशेब बघितला, का नुसताच बसून राहिला, ते कुणाला कळलं नाही.

दिवाळी संपली. तुळशीचं लग्न झालं. राजेंद्रशेठने ऑफिसात कुणाला बोलावलं नाही, आणि चौघांपैकी कुणी आपण होऊन विषय काढला नाही. सत्यम तेवढा रोज शकुबाईकडे बघून भुवई उडवायचा. ती नकारार्थी मान हलवायची. ड्युट्या चालल्या होत्या तशाच चालल्या.

एका सकाळी वडगावकडून अतुलशेठ आले. त्यांचाही पंप होता आणि त्यांच्याही दोन मशिनी निघायच्या होत्या. राजेंद्रशेठने त्यांना सगळं फिरवून दाखवलं. छपरावरची पॅनेलं, बॅटऱ्या, चार्जर, निळं बाकडं. शकुबाई शेजारच्या चार्जरची काच पुसत होती. अतुलशेठनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि आवाज जरा खाली केला. ऐकू यायचं ते आलंच.

"बाकी सगळं कळलं. माणसं किती लागतात, ते सांगा. कंपनीवाले म्हणतात, माणूस लागतच नाही."

"ते त्यांचं चूक नाही," राजेंद्रशेठ म्हणाला. "वायर लावायला नाही लागत."

"मग किती ठेवलीत?"

"चार."

शकुबाईच्या हातातलं फडकं थांबलं.

"रोज?" अतुलशेठनी विचारलं.

"रोज. चौघंच्या चौघं, पूर्ण पगारावर." राजेंद्रशेठ चार्जरच्या अंगावर हात ठेवून, मोठा जाणकार असल्यासारखा बोलत होता. "चौघांच्या खाली हे चालतच नाही, अतुलशेठ. आमचा अनुभव आहे."

"माझ्याकडे तिघं आहेत," अतुलशेठ काळजीने म्हणाले. "त्यातला एक कमी करणार होतो."

राजेंद्रशेठने जरा विचार केल्यासारखं केलं.

"मग एक अजून बघा," तो म्हणाला.

शकुबाईने वळून पाहिलं नाही. तिथूनच तिने पलीकडे हाक मारली, "चंपा, पाव्हन्यांना चा सांग गं," आणि काच पुन्हा पुसायला घेतली. ती केव्हाच लख्ख झाली होती.